बिनठप्प्याचा माल

अकोला,
२ डिसेंबर २००७

चि. जिब्रान यास,

जानराव काकाचे अनेक आशीर्वाद. सूनबाईला, अरीबालाही सांग. इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू फोनच उचलत नाहीस, तेव्हा खुशाली कळवायची तुला किती हौस आहे ते दिसतंच आहे.

तुझ्या अम्मीचे गुडघे तसेच आहेत. तुझी काकू कौंडण्यपूरच्या यात्रेला जाऊन आली. येताना आणलेला प्रसाद तिनं आधी तुझ्या अम्मीला नेऊन दिला, मग मला. दोघी ओट्यावर बसून तुझ्या नावानं बोटं मोडत होत्या. दिवाळी गेली, ईद गेली, आता बकरी ईद तोंडावर आली, पोराचा पत्ता नाही.

कारखान्याचं विचारशील तर बरं म्हणावं असं काही नाही. आपल्या रस्त्यावरची आणखी एक जिनिंग बंद झाली. मालकानं मशिनी भंगारात काढल्या, वरचे पत्रेसुद्धा उतरवून नेले. कापूस यंदा आहे, पण पिकवणाऱ्याला परवडत नाही आणि जिनिंगवाल्यालाही परवडत नाही. मग परवडतं कुणाला, ते सरकारला ठाऊक. पुढाऱ्यांच्या गाड्या धुरळा उडवत येतात आणि पॅकेज जाहीर करून जातात. रोलर बदलून न्यायला मात्र कोणी येत नाही. तुझ्या पेट्यांचं काम नसतं तर तुझ्या बापानं, सत्तारनं, आणि मी लेथवर चादर टाकून घर गाठलं असतं. हे मी कबूल करतो. तूही ते विसरू देत नाहीसच.

त्या पेट्यांबद्दलच जरा विचारायचं होतं. अमेरिकेहून आपल्या कारखान्याच्या नावावर डबे येतात. आम्ही ते आपल्या रोलर-बेअरिंगच्या लाकडी पेट्यांत घालतो, कागदावर जिनिंग मशीनचे सुटे भाग असं लिहितो आणि तुझ्या कंपनीकडे शारजाला पाठवतो. तिथून माल आफ्रिकेतल्या जिनिंगना जातो, त्यांना अमेरिकन बुशच लागतात, असं तू म्हणालास. मी मान डोलावली. पण जिब्रान, जन्म जिनिंगच्या धुळीत गेला माझा. बोटभर लांबीचा तो बुश, नुसती पोलादाची नळी, पण त्याला आतून असं पॉलिश की हात लावायची भीती वाटावी. कापसाचा कचरा खाणाऱ्या मशीनला एवढे लाड कशाला? सत्तारला विचारलं तर म्हणतो, "अमेरिकावाले हायत, त्याईले पैसा जास्त झाला." आम्ही दोघंही हसलो आणि कामाला लागलो.

गेल्या आठवड्यात दोन माणसं कारखान्यात आली. एक चष्मेवाला, एक तरणा. आम्हाला वाटलं गिऱ्हाईक. चष्मेवाल्यानं खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. फोटोत एक बुश होता, कडेला चिरलेला, आणि त्याच्या तोंडावर आपला ठप्पा. दोन टिंबं, मधे आडवी रेघ. "हा तुमचाच का?" त्यानं विचारलं.

तुझ्या बापाची छाती फुगली. "अजी आमचाच. अकोल्यातल्या कोन्याबी फिटरले विचारा."

"त्यांनाच विचारून आलो," चष्मेवाला म्हणाला.

मग काय, सत्तारला विषयच मिळाला. एक टिंब सत्तार, एक जानराव, मधली रेघ म्हणजे भागी. बाजारात डुप्लिकेट माल आला तेव्हापासून हा ठप्पा सुरू झाला. माल आपण बनवलेला असो की दुसऱ्याचा, आपल्या दारातून जाणारी प्रत्येक वस्तू सत्तार हातात फिरवून बघणार, बिस्मिल्ला म्हणून ठप्पा ठोकणार, आणि तुटली तर एक शब्द न विचारता बदलून देणार. सगळं सांगितलं त्यानं. ठोकायचं पोलाद दाखवलं. चहा मागवला. मी एकदा म्हटलंही होतं त्याला की, बाबा, जिब्रानचा माल परदेशी आहे, डबे उघडू नका असा त्याचा निरोप आहे, तो तसाच जाऊ दे. तर मलाच म्हणाला, "आपल्या दारातून बिनठप्प्याचा माल जाईन का? मंग आपल्यात अन् डुप्लिकेटवाल्यात फरक काय रायला?" आणि एकेक डबा उघडून ठोकत बसला. तुला सांगितलं नाही, कारण तू चिडला असतास. तूही तिकडे डबे उघडून पाहत नसणार.

चष्मेवाल्यानं सगळं ऐकलं, चहा घेतला आणि सत्तारचे आभार मानले. गिऱ्हाईक आभार मानत नाही रे, घासाघीस करतं.

फोटोतला तो बुश आपण बनवलेला नाही. तुझ्या डब्यातला आहे. तो कोणत्या मशीनला बसतो ते मला कळव, आणि लवकर कळव.

तुझा,
जानराव काका

ता.क. पत्र लिहिल्याचं सत्तारला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.


अकोला,
१७ डिसेंबर २००७

चि. जिब्रान,

आशीर्वाद. तुझा फोन आला. बरं वाटलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. तू बोलत होतास आणि मी मधेच फोन ठेवला, याचा तुला राग आला असेल. सत्तार दारात येऊन उभा होता. त्याच्यासमोर मी काय बोललो असतो?

तू जे म्हणालास ते इथे लिहून काढतो, म्हणजे तुझं तुला वाचता येईल. "काका, त्याईले सांगा का अब्बानं परस्पर माल मागवला. म्हाताऱ्या मानसाले कोनी काही करत नाही. मी आलो तर मले आत टाकतीन." हे तुझे शब्द. मी एकही बदललेला नाही.

आता इकडचं ऐक. ती माणसं पुन्हा आली, या वेळी ओळखपत्रं आणि कागद घेऊन. कस्टमची माणसं आहेत, मुंबईहून आलेली. कारखान्याला सील लावलं. लेथ आत, सत्तारचा चष्मा आत, आदल्या दिवशी आणलेली हिंगाची पुडीसुद्धा आत. मग आम्हा दोघांना गाडीत घालून अमरावतीच्या कचेरीत नेलं. मूर्तिजापूरपर्यंत सत्तार त्या तरण्याला विचारत होता की कोणत्या जिनिंगची तक्रार आहे, माल बदलून देतो. त्या पोरालाच कसंनुसं झालं, तो खिडकीबाहेर बघायला लागला.

तिथे कळलं. ते बुश जिनिंगचे नाहीत, विमानाचे आहेत. विमान उतरताना चाकाचे पाय बाहेर येतात, त्या पायात बसतात. तुझी कंपनी ते ज्या परदेशी विमान कंपनीला देते, तिला एक खिळाही विकायचा नाही असा अमेरिकेच्या सरकारचा हुकूम आहे. विकत मिळत नाही म्हणून चोरवाट. अमेरिकेला सांगायचं, अकोल्याच्या जिनिंगला माल हवा आहे. अकोल्याहून सांगायचं, जिनिंगचा माल शारजाला चालला आहे. त्यासाठी आपल्या सरकारला खोटा कागद दिला, आणि त्या कागदावर सह्या सत्तारच्या आणि माझ्या आहेत. बंदी घालणारे बंदी घालून बसले, उडणारे उडत राहिले, आणि मधली चोरवाट आपल्या दारातून गेली.

गेल्या उन्हाळ्यात त्या कंपनीचं एक विमान उतरताना पाय मोडून पडलं. घसरत गेलं, आग लागली नाही, माणसं जखमी झाली, पण वाचली. मोडलेल्या पायात आपल्या ठप्प्याचा बुश निघाला. परक्या मुलुखात कुणाला काही कळेना, दोन टिंबं आणि रेघ म्हणजे काय. ते फोटो फिरत फिरत इथे आले आणि अकोल्यात पहिल्याच फिटरनं सत्तारचं नाव घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सत्तारनं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ जबानी दिली. "म्या मागवले, म्या पाठवले. पोरगा तिकडं नोकरी करते, त्याले काही मालूम नाही." म्हणजे तू फोनवर जे शिकवलंस ते त्यानं न शिकवता केलं. तुझ्या मनासारखं झालं. खूश आहेस?

रात्री घरी आलो तर तुझी काकू जेवणाचं ताट पुढ्यात सरकवून म्हणाली, "तुमी काहून गप बसून रायले तिथं?" मी जेवलो नाही.

जिब्रान, तू यायचं की नाही ते तू ठरव. पण मागच्या सगळ्या डब्यांतले बुश कुठल्या विमानांत गेले ते तुला माहीत असणार, किंवा तुझ्या कंपनीत कुणाला तरी. ते विचारत आहेत. तेवढं तरी सांग.

जानराव काका


अमरावती,
६ जानेवारी २००८

चि. जिब्रान यास,

अनेक आशीर्वाद. मी इथे तुझ्या काकूच्या भावाकडे उतरलो आहे. घरची माणसं चांगली आहेत, काही विचारत नाहीत. थंडी बरीच आहे. तुझी अम्मी अकोल्यात आमच्या घरी, जठारपेठेतच राहते आहे. तुझी काकू तिला एकटं सोडत नाही. बकरी ईदला दोघींनी मिळून शेवयांची खीर केली आणि कोणीच खाल्ली नाही.

सत्तारला अटक झाली. हे तुला कळलं असेल, नसेल तर आता कळलं. तुला दोनदा निरोप पाठवला, तू उत्तर दिलं नाहीस. माझ्यावरही खटला होईल, पण मला सध्या मोकळा ठेवला आहे. सत्तार हट्टानं सगळं आपल्या अंगावर घेतो आहे, म्हणून तो आत आणि मी बाहेर. मी रोज त्याचा डबा घेऊन जातो.

त्या दिवशी काय झालं ते लिहितो. अटकेआधी आम्हाला परत कचेरीत बोलावलं होतं. या वेळी चष्मेवाल्या साहेबाबरोबर एक विमानाचा इंजिनियर होता. त्यानं मोडक्या बुशाचा मोठा केलेला फोटो समोर ठेवला आणि पेन्सिलीनं दाखवलं. चीर कुठून सुरू झाली, तर आपल्या ठप्प्याच्या उजव्या टिंबातून. तो म्हणाला, असल्या बुशावर नखानं ओरखडा काढायचीसुद्धा मनाई असते. तुम्ही हातोड्यानं ठोकलंत. प्रत्येक उतरण्याबरोबर चीर थोडी थोडी वाढत जाते. बाकीच्या बुशांतही वाढतच असणार.

सत्तारनं फोटो जवळ ओढला. त्याचा चष्मा कारखान्यात अडकलेला, म्हणून डोळ्याशी नेऊन पाहिला. कागद खोटे, माल चोरवाटेचा, हे सगळं त्यानं आतापर्यंत पोरासाठी निमूट गिळलं होतं. पण ठप्पा ही त्याची इबादत होती रे.

मग त्यानं विचारलं, "बाकीचे कुठं हायत?"

"तेच तर आम्ही तुम्हाला विचारतोय," साहेब म्हणाला. "सगळं तुम्हीच केलं म्हणता ना? मग सांगा. ती कंपनी आमचं ऐकत नाही, बंदीमुळे तिच्याशी कुणाचं धड बोलणंही नाही. कोणत्या विमानात बसवलेत ते कळलं तर त्या त्या देशाला सांगून विमानं जमिनीवर थांबवता येतील. सध्या ती विमानं हाजी लोकांना परत नेत आहेत."

सांगणार काय? त्याला माहीतच नाही. आणि माहीत नाही असं म्हटलं तर तुझं नाव येतं. दगडाखाली हात सापडावा तसं झालं त्याचं. तरी तो म्हणाला, "म्याच केलं. आठवत नाही मले."

त्याच संध्याकाळी त्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. त्यानं डब्याला हात लावला नाही. मी म्हटलं, "सत्तार, सांगून टाक. मानसं बसली हायत त्या विमानाईत. हजहून येनारी मानसं हायत."

"मले मालूम हाय."

"मंग?"

त्यानं माझ्याकडे पाठ केली. मग म्हणाला, "तुले पोरगं नाही, जानराव. तुले नाही समजनार."

इतक्या वर्षांच्या भागीत त्यानं हे कधी म्हटलं नव्हतं. बाजारात लोकांनी म्हटलं, नात्यातल्यांनी म्हटलं, सत्तारनं कधी नाही. उलट तू झालास तेव्हा त्यानंच तुला आणून तुझ्या काकूच्या, गोदाबाईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, वहिनी, हा दोन घरचा. तुझी अम्मी बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि तुला गोवर निघाला, तेव्हा तू आमच्याकडे होतास. गोदाबाईनं अंगावरचं लुगडं बदललं नाही ताप उतरेपर्यंत. पहिल्यांदा लेथ चालवलास तो माझा हात धरून. मराठी शाळेत तुला मीच घातलं, म्हणून आज तुला हे वाचता येतं आहे. मला वाटायचं, मला पोरगं आहे. मला फार लागलं ते, जिब्रान. बापाशी भांडल्यावर रडू येतं तसं मला त्या कोठडीच्या दाराशी रडू आलं. शिपायानं पाणी दिलं.

पाणी पिऊन मी घरी यायला हवं होतं. मी घरी आलो नाही. जिना चढून चष्मेवाल्या साहेबाकडे गेलो.

मी तुझं नाव सांगितलं.

तुझ्या कंपनीचं नाव सांगितलं, तुझ्या मालकाचं सांगितलं, तू राहतोस त्या इमारतीचं सांगितलं. डबे कुणी मागवले, कागदावर काय लिहायचं ते कुणी सांगितलं, सगळं. फोनवर बापाचं नाव घे म्हणालास तेही सांगितलं. ते सांगताना मला लाज वाटली. माझी नाही, तुझी. साहेबानं लिहून घेतलं आणि विचारलं, "हा जिब्रान तुमचा कोण?" भागीदाराचा मुलगा म्हणणार होतो. तोंडातून निघालं, आमचा पोरगा.

मी चुकलो असं मला वाटत नाही. तसं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण मी लिहिणार नाही. तू विमान पाडायला निघाला नव्हतास, चार लोक करतात तसा धंदा केलास आणि वर आम्हा म्हाताऱ्यांचंही पोट भरलंस, हे मला समजतं. सत्तारच्या हातोड्यात तुझा दोष नाही. पण आता तुला माहीत आहे. ज्याला माहीत आहे आणि जो बोलत नाही, त्याला मी लहान पोर कसं म्हणू?

हे इथेच थांबलं असतं तर मी पत्र संपवलं असतं. काल पुन्हा डबा घेऊन गेलो. सत्तार बसून होता. साहेबलोकांनी त्याला विचारायचं अचानक बंद केलं होतं, त्यावरून त्यानं ओळखलं. इतकी वर्षं लोखंड पारखलेला माणूस तो. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू सांगतलं का, जानराव?"

मी म्हटलं, "नाही. जिब्राननं सोता फोन केला साहेबाले. त्यानंच सगळं सांगतलं."

त्यानं मान वर केली. "माह्या पोरानं?"

"हो. म्हने, अब्बाले सोडा, मी सांगतो कोन्या विमानात काय गेलं ते."

त्याच्याशी मी आजवर कधी खोटं बोललो नव्हतो, म्हणून त्यानं लगेच विश्वास ठेवला. मला वाटलं तो रागावेल, पोरगं अडकलं म्हणून छाती पिटेल. तो रडला, पण तसं नाही. डोळे पुसले, डबा ओढला आणि जेवायला बसला. अटक झाल्यापासून धड जेवला नव्हता, काल दोन भाकरी खाल्ल्या. जेवताना मधेच म्हणाला, "पाह्य जानराव, म्या त्याले वाचवत होतो, अन् तो त्या हाजीलोकाईले वाचवून रायला." मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुले परवा बोललो ते मनात ठेवू नको." मी म्हटलं, नाही ठेवत.

जठारपेठेतले एक ओळखीचे गृहस्थ शारजाला निघाले आहेत, हे पत्र त्यांच्या हाती देतो आहे. साहेबाचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. तिथल्या पोलिसांकडे इथून निरोप गेला आहे, ते आज ना उद्या तुझ्या दाराशी येतीलच. पण त्यांना वेळ लागेल, आणि तोवर विमानं उडतच आहेत. तुला एका फोनाचा वेळ आहे. त्यांनी ओढून नेल्यावर तू सांगितलंस तर ते तू सांगितलं असं होत नाही.

तुझ्या बापाला मी जे सांगितलं ते अजून खरं नाही. कळलं तर त्याची दातखीळ बसेल असं खोटं मी त्याला जेवता जेवता खाऊ घातलं आहे, आणि ते खरं करणं माझ्या हातात नाही. आज डबा घेऊन गेलो तेव्हा त्यानं विचारलं, पोरानं आणखी काय सांगितलं? मी काहीतरी सांगितलं. मला फार दिवस जमणार नाही.

अरीबाला जपून सांग, तिला एकदम धक्का देऊ नकोस.

तुझं नाव सांगणारा,
तुझाच
जानराव काका